फिरायला नेताना जरा वाकून पाहा!

घरात कुत्रा आला की त्याला फिरवण्याची वेळ ठरते, पट्टा आणि साखळी आणली जाते. मांजर आले की खिडकी अर्धी उघडी ठेवण्याची सवय लागते. प्राण्याच्या खाण्याची, झोपण्याची, औषधपाण्याची काळजी बहुतेक घरांतून जिव्हाळ्याने घेतली जाते. मात्र, तो घराबाहेर पडल्यावर नेमका कशाशी सामना करतो, याचा विचार सहसा होत नाही. त्याचे एक साधे कारण आहे. माणूस पाच-साडेपाच फुटांवरून रस्ता पाहतो, तर कुत्र्या-मांजरांचे जग जमिनीपासून फूट-दीड फुटावर असते. रस्त्याची धग, डबक्यातील पाणी, गवतातील गोचीड आणि दगडाआडचा साप हे सारे त्याच उंचीवर असते. मालकाला ज्या हवेत फिरणे सुखाचे वाटते, त्याच हवेत त्याच्या पायाशी चालणारा प्राणी भाजत असू शकतो.

प्राण्याला घरात कोंडून ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे. फिरणे, हुंगणे, धावणे ही कुत्र्याची शारीरिक व मानसिक गरज आहे. ती भागली नाही की तो लठ्ठ होतो, चिडखोर होतो, वस्तू कुरतडू लागतो. त्यामुळे बाहेर न्यायचे की नाही, असा प्रश्न येथे नाही. कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी आणि कोणती तयारी करून न्यायचे, हे समजून घ्यायला हवे. महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर दर चार महिन्यांनी बदलते.

उन्हाळा : पायाखालचा तवा

माणसाच्या सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याला आणि मांजराला ही सोय जवळजवळ नाही. त्यांच्या घामाच्या ग्रंथी प्रामुख्याने पंजांच्या गाद्यांमध्ये असतात. शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी कुत्रा धापा टाकतो. जीभ व तोंडातील ओलावा वाफ होऊन उडून जातो आणि रक्त थंड होते. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर हा ओलावा उडत नाही. म्हणूनच नागपूर-चंद्रपूरचे ४५ अंशांचे कोरडे ऊन जसे घातक, तसाच मुंबई, ठाणे किंवा रत्नागिरीतील ३३-३४ अंशांचा दमट उकाडाही घातक ठरू शकतो. पारा खाली आहे म्हणून कोकणपट्टीतील मालकांनी निर्धास्त राहू नये.

कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान माणसापेक्षा थोडे अधिक, म्हणजे साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघाताचा धोका सुरू होतो. मेंदू, मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांना इजा होऊ लागते. न थांबणारी धाप, घट्ट चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या, उलटी आणि शेवटी शुद्ध हरपणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी प्राण्याला सावलीत घ्यावे, अंगावर नळाचे साधे गार पाणी ओतावे आणि पंख्याचा वारा द्यावा. ‘आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या’ हा पशुवैद्यकांचा आजचा नियम आहे. दवाखाना गाठण्याच्या घाईत गेलेली मिनिटे महाग पडतात. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, कारण थोड्याच वेळात तो गरम होतो आणि उष्णता आतच अडकवतो. शुद्ध हरपलेल्या प्राण्याच्या तोंडात पाणी ओतणे तर कटाक्षाने टाळावे.

चपट्या नाकाच्या जातींबाबत अधिक सावधगिरी हवी. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून छोट्या मुलाच्या मागे धावणारा पग घरोघरी पोहोचला आणि या जातीची मागणी वाढली. पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू या कुत्र्यांची आणि पर्शियन मांजरांची श्वासनलिका व नाकपुड्या आखूड, अरुंद असतात. धापा टाकून शरीर थंड करण्याची त्यांची क्षमता मुळातच कमी असते. अशा प्राण्यांना उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी आणि रात्री उशिरा, तेही थोडाच वेळ फिरवणे श्रेयस्कर.

दुसरा धोका थेट पायाखाली असतो. हवेचे तापमान ३५ अंश असताना भर उन्हातील डांबरी रस्ता ६० अंशांच्या आसपास तापलेला असू शकतो. एवढ्या उष्णतेने कातडी काही सेकंदांत भाजते. मालकाच्या पायात चप्पल असल्याने त्याला याची कल्पनाही येत नाही. यावर एक सोपी चाचणी आहे. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. ती ठेववत नसेल, तर तो रस्ता कुत्र्यासाठी नाही. सूर्य मावळला तरी डांबर व काँक्रीट बराच वेळ तापलेले राहते, हेही विसरू नये. माती किंवा गवत असलेला मार्ग निवडणे केव्हाही चांगले.

‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून प्राण्याला बंद मोटारीत ठेवण्याची सवय मात्र जीवघेणी आहे. ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचे आतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सियसने वाढल्याचे आढळले. त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. बाहेरची हवा तुलनेने थंड असतानाही हे घडले आणि काच थोडी खाली ठेवल्याने विशेष फरक पडला नाही.

पावसाळा : डबक्यातील अदृश्य शत्रू

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पूर ओसरल्यानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली आणि या आजाराचे नाव सामान्य मुंबईकराच्या तोंडी बसले. माणसांचा आजार म्हणून तो सर्वांना ठाऊक झाला. तोच जिवाणू कुत्र्यांनाही ग्रासतो, हे मात्र पुष्कळांना आजही माहीत नसते.

उंदीर, घुशी, गुरे आणि कुत्रे यांच्या लघवीतून हा जिवाणू बाहेर पडतो. ओली माती आणि साचलेले पाणी यांत तो आठवडेच्या आठवडे जगतो. कोरड्या जागी लवकर मरतो. पायाची चिरलेली कातडी, जखम, डोळे, नाक किंवा तोंड यांवाटे तो शरीरात शिरतो. डबक्यातून उड्या मारणारा, गटाराकाठचे पाणी चाटणारा कुत्रा त्याला सहज बळी पडतो. ताप, अन्नावरची वासना उडणे, उलट्या, स्नायू दुखल्यामुळे चालायची टाळाटाळ आणि पुढे डोळे व हिरड्यांवर पिवळेपणा ही लक्षणे दिसतात. मूत्रपिंड निकामी होऊ लागले, तर लघवीचे प्रमाण आधी वाढते व नंतर बंदही होऊ शकते. निदान लवकर झाल्यास प्रतिजैविकांचा चांगला उपयोग होतो. उशीर झाला तर हातात फारसे काही राहत नाही.

येथे प्रश्न केवळ कुत्र्याचा राहत नाही. बाधित कुत्र्याच्या लघवीतून हा आजार घरातील माणसांपर्यंत पोहोचू शकतो. आजारी प्राण्याची लघवी साफ करताना हातमोजे घालावेत, फरशी जंतुनाशकाने पुसावी आणि घरातील कोणाला ताप आल्यास डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराची माहिती आवर्जून द्यावी. कुत्र्यांसाठी लेप्टोची लस उपलब्ध आहे. पहिल्या वेळी काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि नंतर दरवर्षी एक, असे तिचे वेळापत्रक असते. या जिवाणूचे प्रकार अनेक असल्याने लस सर्वांवर चालत नाही. तरीही ती पावसाळ्यापूर्वी टोचून घेणे शहाणपणाचे. फिरून आल्यावर कुत्र्याचे पाय व पोट स्वच्छ पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करणे हा तितकाच महत्त्वाचा उपाय. त्याने बुरशीही दूर राहते.

गोचीड : दिसते लहान, आजार महान

पावसाळ्यात व त्यानंतरच्या उबदार हवेत गोचिडींचा सुळसुळाट होतो. एक पोट भरलेली मादी हजारोंनी अंडी घालते. ती अंडी कुत्र्याच्या अंगावर नसतात. भिंतीच्या भेगा, फरशीचे सांधे, अंथरुणाखालची जागा येथे ती घातली जातात. त्यामुळे कुत्र्याला औषधी पावडर लावली आणि काम झाले, असे होत नाही. त्याची झोपण्याची जागाही स्वच्छ करावी लागते.

गोचीड रक्त पिते तेवढ्यावर थांबत नाही. तिच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बबेसिया हे सूक्ष्म जीव कुत्र्याच्या रक्तात शिरतात. पहिला पांढऱ्या पेशींवर, तर दुसरा तांबड्या पेशींवर हल्ला करतो. ताप, सुस्ती, पांढरट हिरड्या, नाकातून रक्त येणे, कॉफीसारखी गडद लघवी यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी. गोचीड काढताना चिमट्याने तिला कातडीलगत धरून सरळ वर ओढावे. रॉकेल ओतणे, काडीने चटका देणे किंवा बोटांनी चिरडणे हे प्रकार टाळावेत. कानांच्या आत, बगलेत, पट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यांत त्या लपतात. रोज पाच मिनिटे तेथे बोटे फिरवली, तर पुढचे हजारो रुपये व मनस्ताप वाचतो.

मांजर पाळणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे द्रव्य असते. कुत्र्याला ते मानवते. मांजराच्या यकृताला मात्र ते पचवता येत नाही. झटके येऊन मांजर दगावू शकते. एकाच घरात दोन्ही प्राणी असतील, तर कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये.

साप आणि भेक

पहिल्या पावसाबरोबर बिळांत पाणी शिरते आणि साप बाहेर पडतात. कुत्रा सापाला पाहून पळत नाही. नाक पुढे करून हुंगायला जातो. त्यामुळे दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायांवर होतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांवर भारतात तयार होणारे प्रतिविष कुत्र्यांच्या उपचारातही वापरले जाते. दंशाची जागा चिरणे, रक्त शोषणे, दोरीने घट्ट आवळणे हे उपाय माणसांप्रमाणेच प्राण्यांसाठीही अपायकारक आहेत. प्राण्याला चालू न देता उचलून न्यावे. विष चालण्यानेही अधिक वेगाने पसरते.

रात्री अंगणात फिरणारे भेक तोंडात धरण्याचा मोह कुत्र्याच्या पिल्लांना हमखास होतो. भेकाच्या कातडीतील स्रावामुळे तोंडाला फेस येतो, लाळ गळते. ओल्या फडक्याने हिरड्या व जीभ पुसून, तोंड खाली धरून पाण्याने धुवावे आणि त्यानंतरही अस्वस्थपणा वा थरथर राहिल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे.

लस आधी, रस्ता नंतर

नव्या पिल्लाला पहिल्याच आठवड्यात बागेत मिरवण्याची हौस अनेकांना आवरत नाही. पार्व्हो विषाणू मात्र मातीत महिनोन्‌महिने टिकून राहतो आणि लसीकरण अपुरे असलेल्या पिल्लाला रक्ती हगवण लावून दोन-तीन दिवसांत त्याचा जीव घेऊ शकतो. सहा ते आठ आठवडे वयापासून सुरू होणारी लसमालिका सोळाव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण होते. तोवर पिल्लाला बाहेरचे जग दाखवायचे असेल, तर ते उचलून घेऊन दाखवावे.

रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात टोचतात आणि पशुवैद्यकाने सांगितल्याप्रमाणे दरवर्षी तिची पुनरावृत्ती करतात. मांजरांनाही ती तितकीच आवश्यक आहे. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस असो वा प्राणी, मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के प्रकरणांत संसर्ग कुत्र्यांकडून येतो. त्यामुळे पाळीव कुत्र्याला टोचलेली लस ही प्रत्यक्षात साऱ्या घराला दिलेली लस असते. कुत्रा चावला किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. हळद, मिरचीपूड, चुना, तेल यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. पाळीव कुत्र्याला भटक्या कुत्र्याने चावा घेतल्यास, आधी लस दिलेली असली तरी पशुवैद्यकाकडे नेऊन पुन्हा लस घ्यावी लागते.

घरचा कुत्रा ज्या रस्त्यावर फिरतो, तेथील भटक्या कुत्र्यांचे आरोग्य हाही त्याच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. गोव्यात कुत्र्यांचे व्यापक लसीकरण, शाळांतून जनजागृती आणि रोगावर सतत पाळत असा कार्यक्रम राबवण्यात आला. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्यामुळे तेथे कुत्र्यांतील रेबीजच्या मासिक प्रकरणांत ९२ टक्के घट झाली. गल्लीतील कुत्र्यांच्या लसीकरणाला हातभार लावणारा मालक आपल्याच कुत्र्याभोवती संरक्षक कडे उभे करीत असतो.

बिबट्याच्या वाटेवरचे अंगण

जुन्नर, अकोले, नाशिक या उसाच्या पट्ट्यात आणि मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्त्यांत धोक्याचे रूप वेगळे आहे. अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचे नमुने तपासून केलेला अभ्यास ‘ओरिक्स’ या संशोधनपत्रिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के, तर मांजरांचा १५ टक्के वाटा आढळला.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. ज्या कुत्र्याला राखणीसाठी अंगणात साखळीने बांधले जाते, तो बिबट्याच्या दृष्टीने पळू न शकणारे भक्ष्य असतो. आणि त्याच्या ओढीने बिबट्या उंबरठ्यापर्यंत येतो. रात्री कुत्र्याला घरात किंवा छत व जाळी असलेल्या बंदिस्त जागेत ठेवणे, अंगणात दिवा लावणे आणि उरलेसुरले अन्न, कोंबड्यांची घाण उघड्यावर न टाकणे यातून कुत्राही वाचतो आणि घरातील मुलेही. मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात दिसणारा लोखंडी काट्यांचा पट्टा याच अनुभवातून आला आहे. बिबट्या पहिला हल्ला गळ्यावर करतो.

मांजर, बाल्कनी आणि फटाके

शहरातील मांजराचे ‘बाहेर’ म्हणजे अनेकदा केवळ बाल्कनीचा कठडा. कबुतरामागे झेप घेताना त्याचा तोल जातो. मांजर उंचावरून पडले तरी पायांवर उतरते आणि त्याला काही होत नाही, हा समज अर्धसत्य आहे. न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांनंतर त्यातील सुमारे ९० टक्के वाचली. मात्र छातीला मार, जबड्याचे व पायांचे अस्थिभंग अशा दुखापती त्यांत मोठ्या प्रमाणावर होत्या. पडलेले मांजर उठून चालू लागले, तरी त्याला तपासून घ्यावे. त्याआधी, बाल्कनीला पक्की जाळी बसवावी.

कुत्र्याला सुमारे ४५ हजार हर्ट्‌झपर्यंतचे, तर मांजराला त्याहूनही वरचे आवाज ऐकू येतात. माणसाची मर्यादा २० हजारांवर संपते. दिवाळीतील सुतळी बॉम्बचा आवाज त्यांना किती कर्कश वाटत असेल, याची त्यावरून कल्पना करता येईल. भेदरलेला कुत्रा साखळी तोडून धावत सुटतो, वाहनाखाली येतो किंवा हरवतो. त्या दिवसांत फिरणे उजेडात उरकावे, गळ्यातील पट्टा निसटणार नाही एवढा घट्ट आहे ना ते पाहावे आणि त्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला असावा. शांत करणारी औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत.

तयारी आधीच हवी

संकट आल्यावर दवाखाना शोधण्यात वेळ जातो. जवळचा पशुवैद्यक कोण, रात्री कोठे उपचार मिळतात, प्रतिविष कोठे असते याची माहिती आधीच काढून ठेवावी. मुंबईत परळ येथे १८८३ मध्ये स्थापन झालेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये असून त्यांच्याशी उपचार केंद्रे संलग्न आहेत.

या साऱ्या उपायांना फार पैसे लागत नाहीत. हाताची मागची बाजू रस्त्याला टेकवणे, पाय धुऊन कोरडे करणे, कानामागे बोटे फिरवणे, हिरड्यांचा रंग पाहणे आणि लसीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवणे, एवढेच करायचे असते. प्राण्याला आपली तक्रार सांगता येत नाही. तापलेल्या रस्त्यावरूनही तो मालकामागे निमूटपणे चालत राहतो. त्याच्या या विश्वासाची जबाबदारी साखळीचे दुसरे टोक हातात धरणाऱ्यावर असते.